संकटसमयी श्रद्धा आणि आज्ञापालन

पोशेरा हे मोखाडा तालुक्यातील डोंगराळ मुलखातले गाव. जव्हारहून मोखाड्यामार्गे जाणारा रस्ता घाट चढून श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरी पोहोचतो. तेथे ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी श्रीसंत निवृत्तिनाथ महाराजांची समाधी आहे. या भागातील भाविकांस त्या समाधीचे शेजार लाभले, हे त्यांचे भाग्यच होय. म्हणून जीवनसंग्रामातील श्रद्धेचा विचार करताना याच भावंडांचे चरित्र प्रथम डोळ्यांसमोर येते.

देवाची आज्ञा पाळली की सर्व काही सुरळीत होते, अशी आपली सर्वांची भाबडी समजूत असते. विठ्ठलपंतांचे चरित्र वेगळेच सांगते. काशीस संन्यास घेतलेल्या विठ्ठलपंतांना गुरूंनी पुन्हा गृहस्थाश्रमात जाण्याची आज्ञा केली. त्यांनी ती शिरोधार्य मानली आणि तेथूनच संकटांस आरंभ झाला. आळंदीत त्यांच्यावर बहिष्कार पडला, मुलांची मुंज अडली. अखेरीस उभयतां मातापित्यांनी देहान्त प्रायश्चित्त स्वीकारले, असे परंपरा सांगते. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताई ही चार बालके उघड्यावर पडली.

याआधीच ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने वाट चुकलेल्या निवृत्तींना एका गुहेत श्रीगहिनीनाथांचा अनुग्रह झाला होता. मार्ग चुकला तेथेच गुरू भेटले! पुढे हेच निवृत्तिनाथ आपल्या धाकट्या भावाचे गुरू झाले.

पोरकी झालेली ही भावंडे दैवास दोष देत बसली नाहीत. शुद्धिपत्रासाठी ती पायी पैठणास गेली. तेथे रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु आम्हांस त्याहून थोर वाटते ते त्या मुलांचे चालत जाणे. श्रद्धा म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे. अर्जुनासही भगवंतांनी रणातून सुटका दिली नाही. अठरा अध्याय सांगून झाल्यावर युद्ध होते तसेच समोर उभे होते. पालटला होता तो अर्जुन.

त्याच गीतेवर भाष्य करण्याची आज्ञा निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांस केली. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवासे येथे सुमारे ९ हजार ओव्यांचा तो ग्रंथ सिद्ध झाला. ज्यांना समाजाने वाळीत टाकले, त्यांनी पसायदानात त्या समाजाचे शासन मागितले नाही. दुष्टांचे दुष्टपण तेवढे जावे, एवढेच मागितले. आज्ञापालनाचे याहून कठीण रूप आम्हांस ठाऊक नाही.

जव्हार-मोखाड्याच्या माणसास संग्राम शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. नागली, वरई व भात यांचे पीक पावसाच्या भरवशावर; दिवाळी सरली की कित्येक कुटुंबे वीटभट्टीच्या वा बांधकामाच्या कामासाठी घर सोडतात. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हळहळला होता. अशा दुःखास ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे होणे ही श्रद्धा नव्हे. भुकेल्यास घास देणे हीही त्याचीच आज्ञा आहे. दात्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

पौष वद्य एकादशीस निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरी येतात. समाधीसमोर क्षणभर उभे राहताना एवढे स्मरावे : इ. स. १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानदेव समाधिस्थ झाले, पाठोपाठ सासवडास सोपानदेव, मग मुक्ताई. तिघेही धाकटे. तिघांनाही निरोप देऊन थोरले निवृत्तिनाथ ब्रह्मगिरीपाशी परतले, जेथे बालपणी त्यांची वाट चुकली होती.