आठ दिवसांत फरक नाही, गोळ्या बंद करू का?

प्रश्न : सोयाबीन गेल्यापासून माझे पती (वय 44) गप्प असतात. पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडते. ईसीजी चांगला आहे. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी आठ दिवसांत फरक नाही. सासूबाई म्हणतात, सवय लागेल. काय करू?
— एक वाचक, सेलू तालुका, जि. परभणी

उत्तर : ताई, गोळ्या बंद करू नका. नैराश्याच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. सुरुवातीला मळमळ, बेचैनी होते आणि नेमके तेव्हाच घरचे धीर सोडतात. बेचैनी फार वाढली तर डॉक्टरांना लगेच कळवा. या औषधांचं व्यसन लागत नाही; सोबत झोपेची गोळी असेल तर ती मात्र मोजकेच दिवस. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावं लागतं.

पीक गेल्याचं दुःख कुणालाही होतं. पण झोप, भूक, कामातलं मन दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवलं, तर तो आजार समजावा. धडधड बहुधा चिंतेची. तरी थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घ्या.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फवारणीची औषधं आजच घरातून हलवून दुसरीकडे कुलपात ठेवा. हे मी हात जोडून सांगतो.

टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर रात्रीही मराठीत फुकट बोलता येतं. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाबद्दल गावच्या आशाताईंना विचारा.