दार क्रमांक १६१

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना अहोरात्र माहिती पुरविणारा संगणक. तो ठीक चालला आहे ना, हे पाहणाऱ्या व्यवस्थेस ‘मॉनिटरिंग’ म्हणतात. मी कलाशाखेचा विद्यार्थी, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. तरी हा विषय मला नीट उमगला तो आपल्या तालुक्यामुळे.

संगणकाला ६५,५३५ पर्यंत क्रमांकांची दारे कल्पिलेली असतात, ती पोर्ट. त्या दारांवर कोणत्या रीतीने बोलावे याचा ठराव म्हणजे प्रोटोकॉल. १९८८ साली देखरेखीसाठी ‘एसएनएमपी’ हा प्रोटोकॉल आला. त्यात देखरेख करणारा संगणक सर्व्हरच्या १६१ क्रमांकाच्या दारावर जाऊन विचारतो, “डिस्क किती भरली? भार किती?” सर्व्हरला स्वतःहून काही सांगायचे झाल्यास तो देखरेख करणाऱ्याच्या १६२ क्रमांकावर ‘ट्रॅप’ धाडतो. हे निरोप बहुधा यूडीपीने जातात. यूडीपी म्हणजे साधे पोस्टकार्ड, पोचपावती नाही. (‘पिंग’ला तर दारच लागत नाही, ही एक गंमत!)

आता २२ जुलै २०२१ आठवा. महाड पाण्यात, रस्ते बुडालेले, फोन बंद. त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली. ८० हून अधिक माणसे गेली. मदतपथके पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तळीयेहून निरोप नाही, याचा अर्थ तळीये सुखरूप, असा नव्हता.

ट्रॅपचेही तसेच. वीज गेलेला सर्व्हर ओरडत नाही. म्हणून जाणकार केवळ १६२ वर विसंबत नाहीत. ठरावीक वेळाने १६१ ठोठावतात, आणि दोनतीन हाकांना ओ आली नाही की माणूस धाडतात.