नर्सिंगला प्रवेश घेण्याआधी वॉर्ड बघून या

बारावीचा निकाल लागला की अमळनेर, पारोळा, चोपडा भागातल्या घरांत नर्सिंगचा विषय निघतो. पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. फी किती, हॉस्टेल सुरक्षित आहे का, नाईट ड्यूटी कधीपासून, सरकारी नोकरी लागेल का, परदेशी जाता येईल का. मग जरा आवाज खाली आणून आणखी एक: "लोकांची घाण काढावी लागेल का हो?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे आणि ते मुलीला किंवा मुलाला प्रवेशाआधीच स्पष्ट सांगायला हवं. पण एखाद्या कॉलेजची मुलं शिकायला कोणत्या वॉर्डात उभी राहतात आणि त्या वॉर्डातल्या सिस्टर कशा काम करतात, हे सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते प्रवेशाचा निर्णय यावरच व्हायला हवा.

भारतीय परिचर्या परिषदेच्या बीएस्सी नर्सिंगच्या नव्या, सत्रवार अभ्यासक्रमात चौथ्या सत्राला व्यावसायिक मूल्यं आणि नीतिशास्त्र असा स्वतंत्र विषय आहे. रुग्णाची संमती, गोपनीयता, त्याचा मान, सत्य सांगणं हे सगळं त्यात येतं. तासिका 20. विषय चांगला आहे, हवाच होता. पण मूल्यं अंगात मुरतात ती वॉर्डातल्या शेकडो तासांत, कुणाला तरी रोज काम करताना पाहून.

एक साधं उदाहरण घेऊ. सकाळच्या ड्यूटीत विद्यार्थिनीला तीस रुग्णांचा टीपीआर (तापमान, नाडी, श्वसन) आणि बीपी घ्यायला सांगितलं जातं. दहा रुग्ण होईपर्यंत डॉक्टरांचा राउंड येऊन ठेपतो. उरलेल्या वीसजणांच्या चार्टवर तापमान 98.6 आणि बीपी 120/80 असं अंदाजानं लिहून टाकणं फार सोपं असतं. बहुतेक वेळा कोणाच्या लक्षातही येत नाही. आता त्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर जर मधूनच दोन चार्ट उचलून, स्वतः त्या खाटेजवळ जाऊन पुन्हा बीपी मोजणाऱ्या असतील, तर ती विद्यार्थिनी 'जे मोजलं नाही ते लिहायचं नाही' हे आयुष्यभरासाठी शिकते. आणि सिस्टरच जर म्हणाल्या, "अगं, भर पटापट," तर तेही ती आयुष्यभरासाठीच शिकते. प्रश्नपत्रिकेत दोघींनाही सारखेच गुण पडतील.

ड्यूटी बदलताना 'ओव्हर' देतात-घेतात, म्हणजे रुग्णांची जबाबदारी पुढच्या पाळीकडे सोपवतात, त्याचंही तसंच. वहीत सही करून ओव्हर घेता येते, आणि प्रत्येक खाटेजवळ जाऊन, रुग्णाला नावानं हाक मारूनही घेता येते. यातला फरक जळगाव जिल्ह्याला सांगायला नको. जून 2020 मध्ये जळगावच्या शासकीय कोविड रुग्णालयातून बेपत्ता झाल्याची नोंद असलेल्या एका वृद्ध रुग्ण महिलेचा मृतदेह काही दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. त्या दिवसांत मनुष्यबळ अपुरं होतं, भीती होती, आणि दोष कुणा एका परिचारिकेच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल. पण खाट रिकामी दिसली तर माणूस सापडेपर्यंत ओव्हर पूर्ण होत नाही, हे प्रत्येक नर्सिंग विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी या घटनेचा आधार घेऊन शिकवलं पाहिजे असं मला फार वाटतं.

दुसऱ्या टोकाला मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. 18 मे 2015 रोजी त्यांचं निधन झालं. मधली जवळजवळ 42 वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. भरवणं, स्वच्छता, वेळच्या वेळी कूस बदलणं. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांना बेडसोअर झाला नव्हता, याची दखल सर्वोच्च न्यायालयातही घेतली गेली. त्यांच्या दयामरणाची याचिका न्यायालयापुढे आली तेव्हा या परिचारिकांनी तिला विरोध केला आणि 2011 मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. दयामरणाबद्दल कोणाचं मत काहीही असो, यातली एक गोष्ट नर्सिंग शिकणाऱ्यानं नीट पाहावी. 1973 साली अरुणाताईंबरोबर काम केलेल्या परिचारिका काळाच्या ओघात निवृत्त झाल्या. नंतर आलेल्या कितीतरी मुलींनी त्यांना कधी चालताबोलताना पाहिलंच नव्हतं. तरी सेवेत खंड पडला नाही. जुन्या सिस्टरनं नव्या मुलीला त्या खाटेजवळ नेलं, कसं भरवायचं ते दाखवलं, आणि ते काम पुढच्या पिढीकडे गेलं. व्यावसायिक मूल्यं रुजतात ती अशी.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले तेव्हा तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांच्या वॉर्डात 20 गरोदर महिला होत्या. त्यांनी दारं बंद करून त्या सगळ्यांना सुरक्षित जागी हलवलं, आणि एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तशाही स्थितीत तिला प्रसूतिकक्षात पोचवलं. असं धैर्य ऐनवेळी आकाशातून पडत नाही. 'माझ्या वॉर्डातल्या या माझ्या जबाबदारीच्या बायका' असा हिशेब रोजच्या ड्यूटीत डोक्यात पक्का झालेला असतो, तोच तेव्हा कामाला येतो.

अमळनेरला सेवेचा विषय निघाला की साने गुरुजींचं नाव येणारच. 1924 ते 1930 या काळात प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना आणि छात्रालय सांभाळताना आजारी मुलांची त्यांनी जी शुश्रूषा केली, ती गावाच्या आठवणीत आहे. तो वारसा मोठाच. मात्र पालकांनी इथं सावध राहावं. 'सेवा आहे' असं म्हणत तुटपुंज्या पगारावर, लागोपाठच्या ड्यूट्यांवर नर्सेसना राबवणाऱ्या जागा कमी नाहीत. नर्सिंग हा परवान्यानं चालणारा, शास्त्रावर उभा असलेला व्यवसाय आहे. डॉक्टरांनी लिहिलेला डोस शंकास्पद वाटला तर थांबून विचारणं, हीसुद्धा रुग्णसेवाच. 'सर, एकदा बघता का?' असं नम्रपणे पण ठामपणे म्हणता येणारी परिचारिका रुग्णाला जास्त उपयोगी पडते.

घराचा वाटाही यात आहे. चुकीचं औषध दिलं गेलं तर त्याच क्षणी सांगणं हे या व्यवसायातलं बहुधा सर्वांत अवघड मूल्य. घरी कपबशी फुटली तरी मार पडेल म्हणून लपवायला शिकलेलं मूल वॉर्डात चूक कशी कबूल करेल? पहिल्या काही महिन्यांत मुलीचा रडवेला फोन येईल, बेडपॅनबद्दल, पहिल्या मृत्यूबद्दल, ओरडलेल्या सिस्टरबद्दल. लगेच "परत ये" म्हणू नका आणि "एवढ्यानं काय रडतेस" असंही म्हणू नका. पूर्ण ऐकून घ्या.

आणि खान्देशातल्या मुलांकडे एक जमेची बाजू आहे, तिची लाज बाळगू नये. पातोंडा-मारवडकडची म्हातारी "पोट दुखी राह्यनं" म्हणते तेव्हा तिच्याशी अहिराणीत बोलणारी सिस्टर आजाराचा अर्धा इतिहास पाच मिनिटांत मिळवते. स्पंज देण्याआधी पडदा ओढायचा, "माय, आते अंग पुसतस" म्हणून आधी सांगायचं. संमती आणि मान हे पुस्तकातले शब्द इथं प्रत्यक्षात येतात.

आता व्यवहाराचं. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. बीएस्सीला बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह लागतं. जीएनएमला इतर शाखांचे विद्यार्थीही चालतात. प्रवेश परीक्षेचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, म्हणून राज्य सीईटी कक्षाची त्या वर्षीची सूचनाच वाचा, दलालाचं ऐकू नका. शिक्षण संपल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते, त्यामुळे संस्थेला मान्यता आहे का हे आधी तपासा. मुलग्यांनीही बिचकू नये. वॉर्डातल्या 'ब्रदर'ची गरज रुग्णांना आहेच.

मग धुळे असो की जळगाव, कॉलेजला जाल तेव्हा इमारत बघून परत येऊ नका. विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात जातात, तिथं खाटा खरोखर भरलेल्या असतात का, ट्यूटर वॉर्डात सोबत थांबतात की हजेरी घेऊन निघून जातात, हे विचारा. शक्य झालं तर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीशी, कॉलेजचं कोणी जवळ नसताना, बोला. तिला विचारा की औषध देताना चूक झाली तर तुम्ही आधी कोणाला सांगता. तिनं पटकन एखाद्या सिस्टरचं किंवा मॅडमचं नाव घेतलं तर फॉर्म भरायला हरकत नाही. ती आजूबाजूला बघू लागली, तर दुसरं कॉलेज शोधा.