टायरांची निवड आणि चाकांची अदलाबदल

कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पूर्व तीरावर वसलेले बराकपूर १८५७ च्या उठावामुळे आणि मंगल पांडे यांच्या नावाने सर्वांना परिचित आहे. मोटारींच्या शर्यतींच्या इतिहासातही त्याला स्थान आहे, ही गोष्ट मात्र फारशी ज्ञात नाही. १९६० च्या दशकात येथील विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती भरत. खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्या त्या काळी देशात विरळाच; त्यामुळे स्टँडर्ड हेराल्ड, फियाट ११०० यांसारख्या नित्याच्या गाड्यांतच फेरफार करून त्या उतरवल्या जात. गाडी वेगवान करावयाची म्हणजे इंजिनाची शक्ती वाढवावयाची, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु ही शक्ती रस्त्यापर्यंत पोचते ती केवळ टायरांमार्फत, आणि गाडी थांबते तीही त्यांच्याच पकडीवर.

हा आधार किती लहान असतो, हे साध्या हिशेबाने कळते. १,२०० किलो वजनाच्या गाडीच्या प्रत्येक टायरावर सरासरी ३०० किलो भार येतो. टायरातील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो असेल, तर जमिनीला टेकणारा भाग सुमारे १५० चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे जेमतेम तळहाताएवढा. टायर रुंद केला, तरी दाब तोच राहिल्यास हे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. त्याचा आकार तेवढा बदलतो. लांबट ठसा आखूड व रुंद होतो आणि वळणावर गाडीला आडवी पकड अधिक मिळते. रुंद टायरांचा मुख्य लाभ तो हाच.

टायराच्या बाजूवर कोरलेले आकडे या दृष्टीने वाचावे लागतात. हेराल्डच्या टायरावर ५.२०-१३ असे लिहिलेले असे. म्हणजे रुंदी ५.२० इंच आणि रिमचा व्यास १३ इंच. नंतरच्या पद्धतीत १८५/७० असे लिहितात. पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदीचा, तर दुसरा टायराची उंची रुंदीच्या शेकडा किती हे सांगणारा. १९७५ मध्ये विक्रीस आलेल्या पोर्शे ९११ टर्बो या गाडीला पुढे १८५/७० आणि मागे २१५/६० असे टायर होते. रिम चारही १५ इंची. गणित केले असता पुढच्या चाकाचा एकूण व्यास ६४० मिलिमीटर आणि मागच्याचा ६३९ मिलिमीटर येतो. रुंदी वाढली, व्यास जवळजवळ तोच राहिला. निवडीचे सूत्र यात आहे. व्यास वाढू दिला, तर वेगमापक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि टायर मडगार्डला घासण्याची भीती असते.

मात्र या लाभाची किंमत अदलाबदलीत मोजावी लागते. चारही टायर सारखे झिजत नाहीत. मागच्या चाकांना गती मिळणाऱ्या गाडीत मागचे टायर शक्तीच्या ओढीने झिजतात, तर पुढच्यांच्या कडा वळणांवर घासल्या जातात. उजवी वळणे अधिक असलेल्या मार्गावर भार डावीकडे झुकतो आणि डावे टायर लवकर संपतात. म्हणून सुमारे ८ ते १० हजार किलोमीटरांनंतर चाकांच्या जागा बदलाव्यात. अशा गाडीत मागची चाके त्याच बाजूस पुढे आणावीत व पुढची तिरपी मागे न्यावीत. त्याच मापाची स्टेपनी असल्यास तिलाही या क्रमात घ्यावे. टायराच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर मात्र चाक आपली बाजू सोडू शकत नाही. पुढे-मागे मापे भिन्न असल्यास अदलाबदल फक्त डाव्या-उजव्यांतच होते. आणि भिन्न मापांबरोबर बाणही असेल, तर टायर रिमवरून काढून पुन्हा चढवल्यावाचून तीही शक्य होत नाही.

शर्यतीत ही किंमत परवडते, कारण तेथे टायर फार काळ टिकावयाचे नसतात. परंतु शर्यतीत उतरणारी गाडी एरवी रस्त्यावरही चालत असेल, तर बंगालचा पावसाळा विसरून चालणार नाही. पाण्याने भरलेल्या रस्त्यावर रुंद टायराला अधिक पाणी बाजूस सारावे लागते. नक्षीच्या खाचा झिजलेल्या असतील, तर तो पाण्यावर तरंगू लागतो आणि त्या क्षणी सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. दोनच टायर नवे घ्यावयाचे असल्यास ते मागे बसवावेत. कारण पुढची चाके घसरली, तर वेग कमी करून गाडी बहुधा सावरता येते, मागची घसरली तर ती गरकन फिरते.

तेव्हा टायराचे माप ठरवतानाच तो पुढे कोठे फिरवता येईल आणि पावसात कसा चालेल, याचाही विचार झाला पाहिजे. गाडी कितीही वेगवान असो, तिचा भरवसा अखेर चार तळहातांएवढ्या रबरावरच असतो.