शेंगेतले तेल, कासेतले तूप

भुईमुगाची कोवळी शेंग तुम्ही खाल्ली आहे का? सातारा-सांगलीकडच्या मुलांना हे विचारायला नकोच! दाणा भरण्याआधी पाणचट आणि गोड लागतो. तोच काही आठवड्यांनी खाल्ला तर गोडी उतरलेली आणि तोंडाला तेलकटपणा आलेला. दोन्ही दाणे कागदावर वेगवेगळे चिरडून कागद वाळू द्या. पक्व दाण्याच्या जागी उजेड झिरपणारा डाग राहील, कोवळ्याच्या जागी फारच फिकट. (तेलाने कागद पारभासक का होतो, हा खरा माझ्या विषयातला प्रश्न. पण तो पुन्हा केव्हातरी.)

हे तेल आले कुठून? मुळांनी ते जमिनीतून शोषलेले नाही. पानांनी उन्हात साखर केली, ती खोडातून आणि आऱ्यांतून खाली शेंगेत उतरली आणि दाण्यातील पेशींनी साखरेचे तेल केले. आता गोठ्याकडे पाहा. म्हैस मुख्यतः कडबा आणि गवत खाते. त्यात स्निग्धांश अगदी थोडा, तरी दुधात मात्र शेकडा सात-आठपर्यंत!

तेल काय आणि तूप काय, दोहोंत ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन वसाम्ले जोडलेली असतात. वसाम्ल म्हणजे कार्बन अणूंची साखळी. या साखळ्यांतले कार्बन मोजले तर आकडे येतात 16, 18, तुपात 4 आणि 6 सुद्धा. जवळजवळ सगळे सम! विषम आकडा क्वचित. यावरून तुम्ही काय तर्क कराल? साखळी दोन-दोन कार्बनांच्या तुकड्यांनी विणली जात असावी, हाच ना?

पुरावा मिळाला तो 1945 च्या सुमारास. रिटनबर्ग आणि ब्लॉख यांनी प्राण्यांना अ‍ॅसिटिक अम्लाचे क्षार खाऊ घातले. या अम्लात कार्बन दोनच, पण त्यांनी त्यात जड कार्बन आणि जड हायड्रोजन घातले होते. पुढे हे जड अणू प्राण्यांच्या चरबीतल्या वसाम्लांत सापडले. जड अणू ओळखण्याचे काम वस्तुमान-वर्णपटमापकाचे, म्हणजे पदार्थविज्ञानाच्या उपकरणाचे. त्याचा मला थोडा अभिमान वाटतो, हे कबूल करतो.

मग 1958 मध्ये एक कोडे पुढे आले. सालिह वाकील आणि त्यांचे सहकारी कबुतराच्या यकृताच्या अर्कात वसाम्ले तयार करीत होते. बायकार्बोनेट घातल्याशिवाय काम चालेना. पण त्यातल्या कार्बनवर किरणोत्सर्गी खूण केली, तर ती खूण तयार वसाम्लात दिसेना! जो पदार्थ लागतो, तो मालात नाही. उलगडा असा: दोन कार्बनांच्या तुकड्याला कार्बन डायऑक्साइडचा एक कार्बन आधी चिकटतो आणि मॅलोनिल हा तीन कार्बनांचा तुकडा होतो. तो वाढत्या साखळीला जोडला जाताना तोच कार्बन पुन्हा कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर पडतो. दाबलेली स्प्रिंग सुटावी तशी ही क्रिया पुढे ढकलली जाते. स्प्रिंग दाबायला ऊर्जा लागते. ती एटीपी पुरवतो. मग हायड्रोजन देऊन ऑक्सिजन काढला जातो आणि साखळी दोन कार्बनांनी लांबते. अशा सात फेऱ्या झाल्या की 16 कार्बनांचे पामिटिक अम्ल तयार.

रीत एकच, कारखाने मात्र निराळे. वनस्पतीत हे काम हरितलवकांत आणि बियांतल्या तशाच लवकांत चालते आणि प्रत्येक पायरीचे एंझाइम स्वतंत्र असते. प्राण्यांत ते पेशीद्रवात चालते आणि पामिटिक अम्लापर्यंत साखळी वाढवण्याची सारी कामे एकाच अवाढव्य प्रथिनात कोंबलेली असतात. म्हशीची गंमत आणखी वेगळी. तिच्या पोटातले जंतू गवताच्या सेल्युलोजाचे अ‍ॅसिटिक अम्ल करतात, ते रक्तातून कासेत जाते आणि तिथे साखळ्या विणल्या जातात. काही चार कार्बनांवरच थांबतात. खवट तुपाचा उग्र वास येतो तो याच ब्युटिरिक अम्लाचा. लांब साखळ्या बऱ्याचशा रक्तातून आयत्या येतात.

आपल्या शरीरात हे काम प्रामुख्याने यकृत करते. माझ्या सांगलीच्या मामांनी वजन उतरावे म्हणून तेल-तूप पार बंद केले, पण चहा आणि गूळ-शेंगदाण्याची सवय सोडली नाही. वर्षभराने रक्त तपासले तर ट्रायग्लिसराइडे वाढलेलीच! त्यांना वाटले प्रयोगशाळा चुकली. चूक हिशेबात होती. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असते आणि गरजेपेक्षा जास्त गेलेल्या साखरेचे वसाम्ल यकृत स्वतःच करते.

एक गोष्ट मात्र आपल्याला जमत नाही. वनस्पती साखळीत बाराव्या कार्बनाजवळ दुहेरी बंध घालून लिनोलेइक अम्ल करते. प्राण्यांचे एंझाइम नवव्यापलीकडे जात नाही. म्हणून ते अम्ल अन्नातूनच मिळवावे लागते. करडईच्या नेहमीच्या तेलात ते सुमारे तीन-चतुर्थांश असते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा सौदा महाग आहे. एक ग्रॅम तेलासाठी झाडाला सुमारे तीन ग्रॅम साखर खर्चावी लागते. शेजारच्या उसाच्या टनांशी भुईमुगाच्या क्विंटलांची तुलना करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

दुहेरी बंधामुळे साखळी वाकते, रेणू एकमेकांना बिलगून बसत नाहीत आणि द्रवणबिंदू उतरतो. 18 कार्बनांच्या सरळ स्टिअरिक अम्लाचा सुमारे 69 अंश सेल्सिअस, एका बंधाच्या ओलेइकचा 13 ते 14, दोन बंधांच्या लिनोलेइकचा उणे 5. शाळेत तीन परीक्षानळ्यांत तूप, शेंगतेल आणि करडईतेल घ्या. तूप आधी कोमट करून पातळ करा. तिन्ही नळ्या बर्फाच्या पाण्यात तासभर ठेवा, प्रत्येकीत तापमापी असू द्या आणि कोणते किती अंशांवर दाटते याची दर पाच मिनिटांनी नोंद करा.