गाईंच्या सच्छिद्र मेंदुरोगाची तपासणी : तिचा भरवसा किती?

ब्रिटनमधील दुभत्या गाईंत एक नवाच मेंदुरोग १९८६ साली वेब्रिज येथील सरकारी पशुवैद्यक प्रयोगशाळेने ओळखला. गाय बुजू लागते, दोहनाच्या वेळी लाथा झाडते, मागील पायांवरचा तोल जातो आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत ती दगावते. मृत जनावराच्या मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्यात स्पंजासारखी छिद्रे दिसतात. शास्त्रीय ग्रंथांत यास बोव्हाइन स्पाँजिफॉर्म एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. वृत्तपत्रांनी ‘मॅड काऊ’ हे नाव रूढ केले. रवंथ करणाऱ्या जनावरांचे मांस व हाडे यांची भुकटी गाईंच्या खुराकात मिसळली जात असल्यामुळे रोग पसरला. ब्रिटनमध्ये एक लाख ऐंशी हजारांहून अधिक गाईंत त्याचे निदान झाले. माणसांतील एका प्राणघातक मेंदुरोगाशी त्याचा संबंध असल्याचे १९९६ साली जाहीर झाले, आणि कोणती गाय रोगी व कोणती निरोगी हे सांगणाऱ्या कसोटीची निकड सर्वत्र भासू लागली.

अशी कसोटी तयार करणे कठीण होते. सांसर्गिक गर्भपातासारख्या रोगात जनावराचे रक्त जंतूंविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण करते व ती ओळखून निदान करता येते. या मेंदुरोगाचे कारण मात्र ‘प्रायॉन’ होय. म्हणजे शरीरातील एका नेहमीच्याच प्रथिनाचे बिघडलेले, वेडेवाकडे वळलेले रूप. शरीर त्यास परके मानीत नाही, सबब रक्तात प्रतिद्रव्ये आढळत नाहीत. यामुळे रोजच्या वापरास योग्य अशी जिवंत गाईवरील कसोटी नाही. गाय मेल्यावर किंवा कापल्यावर, मेंदूचा देठ जेथे मज्जारज्जूस मिळतो तेथील तुकडा काढून त्यात बिघडलेले प्रथिन शोधावे लागते. निरोगी प्रथिन विशिष्ट पाचक द्रव्याने विरघळून जाते, बिघडलेल्याचा गाभा मात्र टिकून राहतो. बहुतेक शीघ्र कसोट्या याच भेदावर उभ्या आहेत.

युरोपीय आयोगाने १९९९ साली चार शीघ्र कसोट्या पारखल्या. ब्रिटनमधील सुमारे ३०० रोगी गाईंचे आणि न्यूझीलंडमधील सुमारे १,००० निरोगी गाईंचे नमुने, ओळख न सांगता, तपासण्यास देण्यात आले. तीन कसोट्यांनी एकही चूक केली नाही. शंभर टक्के यश असे या निकालाचे वर्णन झाले आणि ते खोटे नव्हते. परंतु त्या ३०० गाई लक्षणे उघड झालेल्या होत्या, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहिली नाही.

रोगाची लागण बहुधा वासराच्या वयात होते व लक्षणे साधारणतः चार-पाच वर्षांनी दिसतात. मधल्या काळात मेंदूच्या देठात शोधण्याजोगे काहीच नसते. ब्रिटनमधील एका प्रयोगात वासरांना रोगी मेंदू मुद्दाम चारून ठरावीक अंतराने त्यांची तपासणी करण्यात आली. लक्षणे पस्तिसाव्या महिन्यापासून दिसू लागली; मेंदूत रोगद्रव्य सापडले ते बत्तिसाव्या महिन्यात. म्हणजे लागण झालेले जनावर त्याआधी कापले असते, तर सर्वोत्तम कसोटीनेही ते निर्दोष ठरविले असते. तीस महिन्यांवरील जनावरांची तपासणी युरोपात २००१ पासून सक्तीची झाली, त्यामागे हाच हिशेब होता. सबब ‘रोग आढळला नाही’ या शेऱ्याचा अर्थ ‘लागण नाही’ असा करता येत नाही.

उलट बाजूची चूकही पशुपालकास महाग पडते. युरोपीय संघात २००२ साली एक कोटीहून अधिक गाई तपासल्या गेल्या व सुमारे दोन हजार रोगी निघाल्या. आता समजा, एखादी कसोटी हजार निरोगी गाईंमागे एकीस चुकून रोगी ठरविते. एक कोटीत अशा दहा हजार गाई निघतील. खऱ्या रोगी दोनच हजार. बोट दाखविलेल्या सहा गाईंपैकी पाच निरोगी! आणि १,००० नमुन्यांच्या परीक्षेत अशी कसोटी तीनांतून एकदा तरी निर्दोष म्हणून उत्तीर्ण होईल. कित्येक देशांत एका गाईपायी सारा कळप मारला जात असे, हे लक्षात घेता शीघ्र कसोटीचा निकाल दुसऱ्या पद्धतीने पडताळल्यावाचून अंतिम का मानीत नाहीत, हे सहज कळेल.

पडताळणीही चुकू शकते, हे अमेरिकेत दिसून आले. टेक्सास राज्यातील सुमारे बारा वर्षांच्या एका गाईचा नमुना नोव्हेंबर २००४ मध्ये शीघ्र कसोटीत संशयास्पद ठरला. मेंदूचे काप रंगवून पाहण्याची पद्धत तेव्हा सर्वांत खात्रीची समजली जाई. तिने रोग नाही असे सांगितले व तसे जाहीरही झाले. त्याच वेळी त्याच प्रयोगशाळेत केलेल्या एका प्रायोगिक चाचणीत रोगाची खूण मिळाली होती, पण ती वरिष्ठांपर्यंत पोचली नाही. कृषिखात्याच्या महानिरीक्षकांनी आग्रह धरल्यावर जून २००५ मध्ये ‘वेस्टर्न ब्लॉट’ पद्धतीने फेरतपासणी झाली, नमुना वेब्रिजला धाडण्यात आला आणि २४ जून रोजी गाय रोगी असल्याचे ठरले. मांस आहारात गेले नव्हते, एवढेच समाधान. रोगद्रव्य अल्प व असमान पसरलेले होते, असे खात्याने सांगितले. पुढे हा रोगाचा वेगळा, वृद्ध जनावरांत तुरळक आढळणारा प्रकार असल्याचे उघड झाले. असे प्रकार प्रथम फ्रान्स व इटलीत २००४ साली वर्णिले गेले. इटलीतील प्रकारात रोगद्रव्य देठापेक्षा मेंदूच्या पुढील भागांत अधिक साठते, म्हणून केवळ देठाचा तुकडा घेणाऱ्यास ते हुलकावणी देऊ शकते.

नमुना कसा घेतला यावरही पुष्कळ अवलंबून असते. उन्हात मेंदू लवकर कुजतो व कापातील छिद्रे वाचता येत नाहीत. बिघडलेले प्रथिन कुजण्यास दाद देत नाही, त्यामुळे वेस्टर्न ब्लॉट तेव्हाही उपयोगी पडते. मात्र मेंदूचा लगदा झाल्यावर देठ नेमका कोणता हे ओळखणे अवघड होते.

जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० साली भारताचा समावेश या रोगाचा धोका नगण्य असलेल्या देशांत केला. आपल्याकडे गाय-म्हैस बुजू लागली, लाळ गाळू लागली वा तोल जाऊन पडू लागली, तर प्रथम पिसाळ रोगाचा संशय धरावा. घशात काही अडकले असावे या समजुतीने अशा जनावराच्या तोंडात हात घालू नये. पशुवैद्यास तातडीने बोलवावे. जनावर दगावलेच, तर त्याचे वय, खुराक, लक्षणांचे दिवस व मृत्यूची वेळ ही माहिती त्यांना द्यावी, आणि डोके फोडण्याचे काम त्यांच्यावरच सोपवावे.