गाडीचा दम कुठे गेला?

मुलुंडचा माझा मामा स्वतःची सात सीटर डिझेल गाडी टुरिस्टला चालवतो. नाशिक, शिर्डी, कधी त्र्यंबकेश्वर. गेल्या दिवाळीच्या सुमारास कसारा घाटात गाडी मार खायला लागली. जिथे तिसऱ्यावर आरामात चढायची तिथे दुसरा टाकावा लागे, मागे काळा धूर, आणि मागच्या सीटवरून "काय हो, पोचणार ना आपण?" असा प्रश्न. गंमत म्हणजे रिकामी असली की सपाट रस्त्यावर अगदी शहाण्यासारखी चालायची.

एका गॅरेजवाल्याने टर्बोचा रबरी पाइप काढून आतलं तेल दाखवलं आणि निकाल दिला, "टर्बो गेला, नवीन टाका." त्याने सांगितलेला आकडा गाडीच्या दोन हप्त्यांपेक्षा मोठा होता. मामा मला म्हणाला, "तू मेकॅनिकलला ना गं? बघ जरा." थर्ड इयरला असल्याचा माझा सगळा रुबाब तिथेच उतरला.

ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटं चाक फिरवतो. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे! हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे 1998 ची डिझेल इंडिका टर्बोशिवाय आली होती, तर 2002 मध्ये नाशिकला बनू लागलेल्या स्कॉर्पिओच्या 2.6 लिटर डिझेलला टर्बो होता. आज टर्बो नसलेली नवी डिझेल कार शोधूनही मिळणार नाही.

मामाची स्वतःची थिअरी होती की घाटात हवा विरळ असते. ते खरंच आहे. पण इगतपुरी समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा फार तर सात टक्के कमी. एवढ्यावर गाडीचा एक गिअर जात नाही. आणि टर्बोचा शोध लागल्यावर त्याचा मोठा उपयोग विरळ हवेसाठीच झाला. 1918 मध्ये अमेरिकेत पाइक्स पीक या 14,000 फुटांहून उंच डोंगरावर विमानाचं इंजिन नेऊन टर्बोची चाचणी घेतली होती. कसाऱ्याची काय कथा!

मग मी काय केलं? जे सगळे करतात तेच. एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला, हवा मोजणारा सेन्सर स्प्रेने साफ केला. एक रविवार आणि मामाचे पैसे गेले, फरक शून्य. नंतर शांतपणे विचार केल्यावर स्वतःचीच लाज वाटली. डिझेल फिल्टर चोंदला तर डिझेलच कमी पोचेल, मग काळा धूर येईल कुठून? काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. निळा धूर असता तर ऑइल जळतंय, आणि तेव्हा टर्बोच्या सीलवर संशय घेणं रास्त. मामाच्या गाडीचा धूर कायम काळाच होता.

हवेचा रस्ता कागदावर काढला. फिल्टर, सेन्सर, टर्बो, मग दाबल्यामुळे तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर, मग इंजिन. हवेचा दाब दुप्पट केला तर ती सव्वाशे अंशांच्या आसपास तापते (थर्मोच्या वहीत सूत्र आहे, करून बघा). टर्बो हे या लाइनवरचं फक्त एक स्टेशन. मुलुंडला लोकल लेट आली तर घोळ कुर्ल्यालाही असू शकतो.

आता समजा सेन्सरने मोजलेली हवा पुढे कुठेतरी निसटली. कॉम्प्युटर मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल सोडतो, इंजिनात हवा मात्र कमी पोचते. धूरही येतो आणि ताकदही जाते. दोन्ही लक्षणं एका धाग्यात बसली.

मित्राचा स्कॅनर लावला. कोड आला पी0299. त्याचा अर्थ एवढाच की टर्बोचा दाब हवा तेवढा होत नाही. टर्बो मेला असं तो कुठेही म्हणत नाही! घाटात तिसऱ्या गिअरला फुल ॲक्सिलरेटर दिल्यावर कॉम्प्युटर मागत होता 220 किलोपास्कल, मिळत होते जेमतेम 150. इंजिन बंद असताना तोच सेन्सर 100 दाखवत होता, म्हणजे सेन्सर ठीक.

यानंतर घाटकोपरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी थंड इंजिनावर टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवायला लावला. आडवा किंचित हलतो तो हलणारच, कारण बेअरिंग तेलाच्या पातळ थरावर तरंगतं. पुढे-मागे मात्र हलता कामा नये, आणि पाती कडेला घासलेली नसावीत. आमच्याकडे दोन्ही ठीक. आणि ते पाइपातलं तेल? इंजिनाच्या ब्रीदरमधून थोडी तेलाची वाफ त्या रस्त्याने जातेच. पातळ थर दिसला तर त्यात नवल नाही. ते म्हणाले, "पोरी, तेल ओघळत असतं तर गोष्ट वेगळी."

मग खरी टेस्ट. प्लंबरच्या दुकानातून पीव्हीसीची टोपी आणली, भोक पाडून तिला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला, आणि टर्बोच्या तोंडाला क्लॅम्पने आवळली. इंजिन बंद. कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटर लावून फक्त एक बारपर्यंत. हे महत्त्वाचं आहे, कारण गॅरेजच्या टाकीत सात-आठ बार असतात. तेवढी सोडली तर टोपी गोळीसारखी सुटेल. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. ऑइल भरायच्या झाकणापाशी बारीक फुसफुस येते, ती चालते; कारण एखादा व्हॉल्व्ह उघडा असतोच.

इंटरकूलरच्या खालच्या होजला, जिथे तो एका पट्टीवर घासत होता, फेसाचा गोळाच उठला. तीन बोटं लांब चीर, तीही खालच्या अंगाला. दाब नसताना ओठ मिटून बसलेली, म्हणून आम्ही सगळ्यांनी चार वेळा बघूनही कुणाला दिसली नाही. सपाटीवर दाब कमी, त्यामुळे गाडी शहाणी. कोडं सुटलं.

नवा होज आणि दोन क्लॅम्प, खर्च शिर्डीच्या एका फेरीच्या डिझेलपेक्षा कमी. पट्टीवर रबराचा तुकडा बांधला. पुढच्या फेरीला आकडा 215 वर गेला आणि कसारा तिसऱ्यावर चढला.

मिस्त्रींनी जाता जाता एक गोष्ट सांगितली ती मामाला जास्त लागली. चीर तशीच ठेवून नवा टर्बो टाकला असता तर निसटलेली हवा भरून काढायला तो गरजेपेक्षा जास्त वेगाने पळत राहिला असता, आणि काही महिन्यांत तोही संपला असता. म्हणजे ते पैसे दोनदा.

ती पीव्हीसीची टोपी सध्या हॉस्टेलवर माझ्या कपाटात आहे. कुणाच्या घरच्या गाडीला लागली तर मागून न्या. रेग्युलेटर मात्र वर्कशॉपमधून सही करून घ्यावा लागेल.